परत करायची पुस्तकं

मगदूम बाई, सहा पुस्तकं आणलीत,
तीन माझ्या कार्डावरची, तीन मंडळींच्या.
दंड किती झाला ते नंतर सांगा,
आधी ऐकून घ्या.

कोल्ड स्टोरेजची रात्रपाळी.
वाचण्याशिवाय करणार काय माणूस?
बाहेर तासगाव झोपलेलं,
आत चार अंशावर तालुक्याचा बेदाणा झोपलेला
पंधरा-पंधरा किलोच्या खोक्यांत,
आणि मधे मी, कानटोपी घालून.

तर हे जाडं. पंखवाल्या घोड्यांचं.
सातशे चाळीस पानं, पुढं नकाशा.
नकाशा झकास. ओढ्यांनासुद्धा नावं.
पण सातशे चाळीस पानांत
एक माणूस कुठं भाकरी थापत नाही.
सैन्य तीन महिने चाललंय, खातंय काय?
आमच्या सौद्याला चाळीस हमाल आले तरी
चहाचा हिशेब मला लिहावा लागतो.
पण शेवटी घोडा म्हातारा होतो,
पंख मिटतो आणि नुसता चालत घरी जातो,
तिथं मी तापमान लिहायचं विसरलो.
रजिस्टरात दोन वाजताची नोंद कोरी आहे.
आमच्या शेठना बोलू नका.

हे पिवळं. पहाटे चारला उठा म्हणतंय.
बाई, मी चारला जागाच असतो,
गेली नऊ वर्षं. पैसा कधी येतो
ते पान बहुतेक कुणीतरी फाडलंय.
आणि हे, ‘उबेतून बाहेर पडा’ वालं,
हे मी दोन स्वेटर घालून वाचलं.
लेखकाला एकदा आमच्या तीन नंबर चेंबरला पाठवा.

राणीच्या गोष्टीचा पहिला खंड आणि हा तिसरा.
दुसरा तुमच्या कपाटात नव्हता.
पहिल्यात राणी गढीच्या दारात उभी,
तिसऱ्यात पोरगा गादीवर, आणि तिचं नावच नाही.
मधलं मीच रचलं, तीन रात्री लागल्या.
माझी राणी मरत नाही.
ती सावळजला बहिणीकडं जाते,
रॅकवर द्राक्षं वाळत घालायला मदत करते,
उन्हात हात काळे होतात, तिला कोणी ओळखत नाही.
खरं सांगू, तिसरा खंड त्यापुढं फिका वाटला.

सौद्यात व्यापारी मूठ भरून उचलतो,
दोन दाणे दाताखाली धरतो,
उरलेले जमिनीवर भिरकावतो.
मीही पुस्तक तसंच निवडतो,
मधलं एक पान चावून बघतो.
हे बारकं तसं बघितलं, ‘नाही म्हणायला शिका’,
पाणचट लागलं. ठेवून देणार होतो.
मग पेन्सिलीच्या रेघा दिसल्या.

पान बावीस: ‘लगेच उत्तर देऊ नका, वेळ मागा.’
समासात बारीक अक्षर:
उद्या सांगते म्हटलं. रात्रभर झोप नाही.
पान चाळीसला नुसतं एक प्रश्नचिन्ह,
इतकं दाबून काढलेलं
की मागच्या पानावर बोटाला लागतं.
पान एकसष्ट:
नाही म्हटलं. वीस मिनिटं बोलले नाहीत.
मग स्वतःच चहा ठेवला. साखर जास्त पडली.

त्यापुढं रेघ नाही. पुस्तक पूर्ण वाचलं
की तेवढ्यावर काम झालं, कळायला मार्ग नाही.
पुस्तक सुमारच आहे हो, माझं मत बदललेलं नाही.
समास मात्र दोनदा वाचला.
आणि एकसष्टच्या खाली मीही एक ओळ लिहिलीय.
ती दंडात धरा.

मागच्या पानावर शिक्का आहे, सभासद चारशे अठरा.
कोण ते मी विचारत नाही.
पण तुमच्या वहीत आत्ता उलटं वाचलं,
राणीचा दुसरा खंडही त्यांच्याकडंच आहे,
फेब्रुवारीपासून.

तगादा लावू नका, बाई.
असू दे त्यांच्याकडं.
आला, तर कपाटात आत ठेवा,
मी मागेन तेव्हा द्या.
माझी राणी अजून सावळजला आहे,
या सालचा माल वाळायचाय.