उलटे आटे

वेंगुर्ल्यात, बंदराच्या वाटेवर माझं दुकान.
पंप, पंखे, बर्फाच्या कारखान्यातल्या मोटारी,
जळलेलं सगळं माझ्याकडे येतं.
जुनं वाइंडिंग भट्टीत जाळून काढलं
की खाली जी तांब्याची तार उरते
ती मऊ असते, सांगाल तशी वाकते,
आणि एकदा वाकली की
पुन्हा विचार बदलत नाही.

भंगारवाला तिचे चांगले पैसे देतो.
पावशेर मी बाजूला काढतो.
झाडासाठी.

झाड म्हणजे नांदरुख. वीतभर.
जुन्या जेटीच्या चिऱ्यांच्या फटीत आलं होतं.
नऊ वर्षं झाली, स्क्रू-ड्रायव्हरने उकरून आणलं,
अर्धं मूळ तुटून तिथेच राहिलं.
आता मातीच्या परळात आहे,
जांभ्याची भरड, थोडा कोळसा, थोडं शेणखत,
आणि दुकानाच्या पुढच्या फळीवरची जागा.

चैत्र सरला, घामाने बनियन पाठीला चिकटलं
की पानं काढायची.
सगळी.
देठ ठेवून, नखं कापायच्या कात्रीने, एकेक.
प्रत्येक देठाशी पांढरा थेंब चढतो.
थांबायचं. ओल्या फडक्याने टिपायचं.
बोटं चिकट, चष्मा चिकट,
मधेच गिऱ्हाइकाचा फोन आला तर तोही चिकट.

रुजाय टोपली घेऊन बाजारात निघालेली असते.
"तेका कित्याक छळतंस रे?"
"छळणंय नाय गो. पानां बारीक येतली."
"मगे माजे केस काप. ते बारीक येतले?"
आणि हसत पुढे जाते, मागे बांगड्यांचा वास.

मग आकार.
सागरेश्वरच्या सुरूंकडे बघून ठरवला होता मी,
सगळ्या फांद्या एकीकडे,
जणू समुद्र मागे लागलाय.
वारा जे फुकट करतो
ते मी तारेने करतो.
जाड फांदी ऐकत नाही, तिला
पागाच्या जाळ्यातलं शिसं टांगतो,
रोज थोडं जास्त.

दोन वर्षांपूर्वी गणपती झाले
आणि कुमुदला घेऊन बेळगावला गेलो,
तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन.
आठ दिवस म्हणून गेलो, दीड महिना लागला.
शेजारच्या रेडकरला सांगितलं होतं, पाणी घाल.
त्याने घातलं. देवाशप्पथ, रोज घातलं.
तार बघ, असं सांगायचं राहिलं.

परत आलो तर तार दिसेना.
साल वरून चढलेली,
तांबं आत, कुठेकुठे फक्त एक लाल रेघ.
अशा वेळी उलगडायची नसते, सोलून निघतं सगळं.
कटरने तुकडे करायचे, चिमट्याने उपसायचे.
दोन दिवस लागले. मोजले, एकशे चौदा.
कुमुद खुर्चीत, पोटावर हात ठेवून बघत होती.
म्हणाली, "माजेय टाके असेच काढल्यानी. एकेक करून."

फांदीवर आटे पडले,
बोल्टवर असतात तसे, गोल गोल, शेंड्यापर्यंत.
बघणारे म्हणतात, काप ती, शोभा जाते.
मी करवतीला तेल लावून ठेवलं.
ते तेल दोनदा वाळलं.

परवा जेटीवर गेलो होतो, एका होडीचा पंप बघायला.
त्याच फटीत, राहिलेल्या अर्ध्या मुळातून
नांदरुख वर आलंय.
माझ्या छातीएवढं.
कोणीतरी त्याला डब्याची पिशवी अडकवली होती.
पंप राहिला बाजूला, मी तेच बघत उभा.
वाकलंय तेही.
पण माझ्या झाडाच्या
बरोबर उलट्या अंगाला.

म्हणजे नऊ वर्षं
फळीवरचा वारा मी घाटाकडून आणत होतो.

संध्याकाळी दुकान बंद करता करता
परळासकट झाड फिरवून ठेवलं.
मागची बाजू पुढे. रस्त्याला पहिली दिसते
ती आट्यांचीच फांदी.

सकाळी उभादांड्याचा एक पोरगा
जळका मिक्सर घेऊन आला. वाकून बघितलं त्याने.
"हे तुम्ही पाडलेत? आटे?"
हो, म्हटलं.
उलटे आहेत. नट शोधत बसू नको.