अकरानंतरचे छरे

मिऱ्याच्या धक्क्यामागे, समुद्राकडे तोंड केलेल्या शेडमध्ये
आम्ही बोये बनवतो.
दोन अर्धे गोळे, मध्ये एक शिवण.
शिवण घालताना छरे उडतात,
मोहरीएवढे, कधी तांदळाएवढे,
पत्र्याला गोचिडीसारखे धरतात.
ते छिन्नीने काढायचे, हे माझं काम.
एखादा राहिला तर रंग त्याच्यावर नुसता बसल्यासारखा करतो,
खारं पाणी बुडाशी शिरतं
आणि पुढच्या आगोटीला तिथून गंज फुटतो.

सकाळी मालण, दुपारी मी.
काढलेले छरे आपापल्या डब्यात,
भंगारवाला वजनावर घेतो.
माझा डबा भरलेला, तिचा तळाशी.
मालण म्हणायची, तू पत्राच खरवडतेस.
मी म्हणायचे, तू डोळे मिटून छिन्नी मारतेस.
तीन आठवडे आम्ही एका नळावर हात धुतले नाहीत.

त्यातच रोबो आला, चिंचवडहून.
आमच्याकडून तिकडे पेट्या जातात आंब्याच्या,
ही एकच उलटी आली.
एक हात, सहा सांधे, न दुखणारा खांदा,
सोबत निमिष, लॅपटॉप आणि पित्ताच्या गोळ्या.
आणि रोबोही थुंकायचा,
अय्युब होडेकरांच्या टॉर्चपेक्षा जास्तच,
कारण अय्युबमामूंना कुठे थांबायचं ते कळतं.

निमिषने व्होल्ट वाढवले, कमी केले.
नोझलबाहेर तार पंधरा मिलीमीटर, मोजून.
टॉर्च ओढायचा नाही, ढकलायचा, जरा कलता.
ऐंशी टक्के आर्गॉन, वीस टक्के कार्बन डायॉक्साइड.
सकाळी शिवण अशी, की हात फिरवावा.
दुपारी तेच आकडे, तोच हात,
आणि पत्र्यावर गोवर.
त्याने गॅस वाढवला, पंचवीस लिटर.
छरे वाढले.
टपरीवर तो आईला फोनवर सांगत होता,
मशीन बिघडलंय की मी, कळत नाही.

अय्युबमामू बघत होते, काच कपाळावर,
हातावर चाळीस वर्षांचे पांढरे ठिपके.
म्हणाले, दोघींचे डबे आणा गो.
मासळीच्या काट्यावर ठेवले.
मालण, एकशेदहा ग्रॅम.
मी, चारशे वीस.
मालण हसली, "बघा, आकडाच बोलतोय."
मामू हसले नाहीत. निमिषला म्हणाले,
"पोरा, तुझा आकडा बरोबर हाय.
पण तो अकरा वाजेपर्यंतचा हाय."

पहाटे मतलई.
जमिनीकडून येते, शेडच्या पाठीला टेकून थांबते.
अकराला वारा फिरतो
आणि खारा दारातून सरळ शिवणीवर.
गॅस म्हणजे तरी काय,
दिव्याभोवती धरलेली ओंजळ.
हलली की ज्योत थुंकते,
फार जोरात फुंकला की भोवरा होऊन
बाहेरची हवा आत ओढतो.
होडीवरच्या पोरासोरांना वाऱ्याची वेळ ठाऊक,
लोखंडाला ती कोणी लावून बघितली नव्हती.
माझ्या डब्यात वारा साठत होता
आणि मी त्याला मालण समजत होते.

जुन्या ट्रॉलरची ताडपत्री दाराला लावली,
खाली साखळी, फडफडू नये म्हणून.
गॅस पंधरावर आणला.
कड आधी कोरड्या फडक्याने पुसायची,
इथे लोखंडाला रात्रभर घाम येतो, घामात मीठ.
दर दहा बोयांनी नोझल साफ. ते मालणकडे.

आतल्या कोपऱ्यात रोबोचा हात वळत नाही,
तिथे अय्युबमामू शिवतात.
तिथले छरे मी काढते. पाच. कधी सात.
छिन्नीला धार लावून महिना झाला.
पगार तोच आहे. शेठ अजून काही बोललेले नाहीत.

संध्याकाळी बांधावरून जाताना
डबा पिशवीत असतो, सवयीने.
टपरीखालचा कुत्रा त्याच्या आवाजाने उठायचा,
बिस्किटासाठी चार पावलं यायचा.
काल त्याच्या पुढ्यातून गेले,
त्याने कानसुद्धा हलवला नाही.
मी मागे फिरले
आणि डबा हाताने वाजवला.