परत आलेली ताटं

हीउमा बेटावरच्या शाळेत
मी एकवीस वर्षं जेवण वाढते.
शिक्षक वह्या तपासतात,
मी ताटं.

खिडकीतून एकेक परत येतं
आणि मला वाचता येतं :
हिच्या घरी काल आवाज चढले होते,
ह्याला मैदान दिसत होतं, घास नाही,
हिने वाटाणे काठाला ओळीने लावलेत,
म्हणजे हिचं आज बरं चाललंय.

ऑक्टोबरात ओत्त सरांनी
फळ्यावर बरोबरचं चिन्ह काढलं
आणि पुढे काही लिहिलंच नाही.
पोरं थांबली. घंटा झाली.
सर तसेच, खडू धरून.
शेवटी शिपाई रायव्होने त्यांना कोट चढवला,
बटणं लावली, घरी नेलं.

गाव म्हणालं, थकले असतील.
आमच्याकडे एवढंच म्हणतात
आणि लाकडं फोडायला जातात.

मला माहीत होतं.
म्हणजे, असायला हवं होतं.
तीन आठवडे त्यांच्या ताटातून
राईचा पाव तुकडे होऊन परत येत होता,
सात तुकडे, कधी नऊ,
एकालाही दात न लागलेला.
मी ते बादलीत लोटत राहिले.

मग फेरीबोटीने तालिनहून एक बाई आल्या.
कागद वाटले : शून्य ते दहा, आज कसं वाटतंय?
मुलांना निळा, शिक्षकांना पिवळा.
स्वयंपाकघरासाठी रंग नव्हता.
मी हात पुसत दारात उभी राहिले
आणि बादलीचं सांगून टाकलं.
बाईंनी पेन खाली ठेवलं.

आता गुरुवारी आम्ही सगळे बसतो.
बसवाला एन्देल सांगतो,
मागच्या बाकावरची मिर्तेल
हल्ली त्याच्या पाठीमागेच बसते, दाराकडे बघत.
रायव्हो सांगतो, कोण शाळा सुटली तरी घरी जात नाही.
मुख्याध्यापिका मारीका लिहून घेतात,
एकदा मध्येच रडल्या,
नाक शिंकरलं, वेळापत्रक उघडलं.

सगळं सुटतं असं नाही.
ओत्त सर अर्धाच दिवस येतात.
बरोबरच्या चिन्हापुढे कधीकधी
पोरंच उठून लिहितात.

काल काउर आला, आठवीतला.
वर्षभर ह्याचं ताट भरलेलं परत यायचं.
म्हणाला, तुमचं ताट मी कधी पाहिलंच नाही.
मी म्हटलं, पळीला कुठे भूक असते?
तो हसला नाही. हललाही नाही.

माझ्या घरी दोन खुर्च्या आहेत,
दुसरीवर मी कोट टाकते.
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी एक ताट काढलं.
बटाटे गार झाले होते.
चार घास उभ्याने, मग बसून.
अर्धं संपलं. अर्धं नाही.

त्यानेच उचललं,
जरा वेळ त्यात पाहत राहिला,
आणि काही न बोलता
खिडकीतून आत सरकवलं.