पावणेदोनपट

इन्व्हरनेस ते विक, शंभराहून थोडे जास्त मैल.
वर्षातले चाळीस मंगळवार मी या रस्त्यावर असते,
उजवीकडे समुद्र, डावीकडे मेंढ्या,
शेजारच्या सीटवर फायली, पट्टा बांधून,
कारण एकदा वळणावर एक अख्खा घटस्फोट पायाशी सांडला होता.

फार्करनं यादी पाठवली होती, माझ्या जुन्या भागीदारानं:
वेळ नसलेल्या वकिलांनी ऐकावेत असे पॉडकास्ट.
त्याला स्वतःला आता वेळच वेळ.
गुलाब लावतो, ते मरतात, पुन्हा लावतो.

पहिला एका निवृत्त शेरीफचा, पुराव्याच्या कायद्यावर.
(आमच्याकडे न्यायाधीशाला शेरीफ म्हणतात.
कमरेला पिस्तूल नसतं, फक्त पाठदुखी असते.)
दुसऱ्यात दोन मुली आठवड्याचे निकाल सांगतात
आणि हरलेल्या बाजूला फार हसतात.
तिसरा झोप उडालेल्या वकिलांसाठी:
एक बाई भाडेकराराची कलमं वाचते, अंगाईसारखी.
चौथ्यापुढे त्यानं एवढंच लिहिलं होतं, हा ऐकच.
तो मधमाश्यांवर निघाला.

मी सगळं पावणेदोनपट वेगानं ऐकते.
डॉर्नॉकचा पूल येईपर्यंत दोन खटले,
बेरिडेलच्या उतारावर अपिलाची मुदत,
विकच्या पहिल्या दिव्याला आभार आणि जाहिरात.
शेरीफचा आवाज या वेगात तरणाबांड वाटतो,
जणू शिडीवर उभा राहून कुणाला तरी हाका मारतोय.

त्या मंगळवारी पक्षकार होता डगल्ड सिंक्लेअर,
वय बासष्ट, शेवंडं पकडतो.
आरोप: शेजाऱ्याच्या सापळ्यांच्या अकरा दोऱ्या कापल्या.
भेटीच्या खोलीत आम्हाला वीस मिनिटं होती,
हीटर टकटकत होता,
आणि मी विचारलं, दोऱ्या तुम्ही कापल्या का?

तो म्हणाला, त्या रात्री…

आणि थांबला.

खिडकीवर एक सीगल येऊन बसला. गेला.
टेबलाखाली, मांडीवर,
माझा अंगठा हलला.
मला नंतर कळलं तो काय शोधत होता:
पंधरा सेकंद पुढे नेणारं ते गोल बटण.

माणसाला ते नसतं.
मी हात मुठीत घेतला आणि बसून राहिले.

तो म्हणाला, श्वास ऐकू येत होता.
मला वाटलं कुणी माणूस पाण्यात आहे.
बोट जवळ नेली तर देवमाशाचं पिल्लू,
शेपटीला दोऱ्यांचा गुंता,
वर येतंय, श्वास घेतंय, ओढलं जातंय.
आई बाजूला फिरत होती. तिचा श्वास वेगळा.
मी आधी एकच दोरी कापली.
मग…

पुन्हा थांबला. या वेळी मी घड्याळ पाहिलं नाही.

मी विचारलं, पोलिसांना का नाही सांगितलं?
तो म्हणाला, बंदरावर सगळे हसतील.
आणि दोऱ्या त्याच्याच होत्या ना. ते खोटं नाही.

साक्षीदार नाही. फोटो नाही.
पिल्लू समन्स घेणार नाही.
शेरीफनं ऐकून घेतलं, चष्मा पुसला,
पुढची तारीख दिली. सात मे.

परतताना अंधार होता.
बेरिडेलच्या चढावर मी वेग एकपट केला,
का ते विचारू नका, हात तिकडे गेला.
निवृत्त शेरीफ सांगत होता ऐकीव पुरावा कधी चालतो,
आणि दोन वाक्यांच्या मध्ये
त्याच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती.
तीन वर्षं ऐकतेय मी या माणसाला.
त्याला दमा आहे.

पेट्रोलसाठी गोल्सपीला थांबले, इंजिन बंद केलं,
तो बोलतच राहिला.
फार्करला लिहिलं: यादी चांगली आहे.
मग खोडलं.
मग लिहिलं: गुलाब कसे आहेत?

उत्तर लगेच आलं नाही.
मी पंपापाशी उभी राहिले.