ओढायचं नाही

कांडी दोन दिवस जेवली नाही.
मागाखाली, सुताच्या खोक्यामागे
चारी पाय पोटाशी घेऊन बसून राहिली,
मधेच मान लांब करून ओकली,
पिवळं पाणी, बाकी काही नाही.
शेजारची निंगव्वा म्हणाली,
केस अडकला असंल गं, एरंडेल पाज की.
मी बाटली उघडली,
आणि बूच परत लावलं.

कारण फणी.
फणी हिच्या आधीची. तिला ताप होता.
मी माझ्या डब्यातली पांढरी गोळी
अर्धी मोडून दुधात कालवली.
अर्धी! केवढं शहाणपण वाटलं होतं तेव्हा.
दिवेलागणीला तिचं तोंड सुजलं, पंजे सुजले,
हिरड्या काताच्या रंगाच्या झाल्या.
आपल्या तापाचं औषध मांजराला विष असतं
हे मला त्या रात्री कळलं,
तिला मांडीवर घेऊन.

म्हणून या वेळी आधी नुसतं पाहिलं.
ओठ उचलला. हिरडी फिकट, बोटाला चिकट.
मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली,
ती जागेवर बसेना लवकर,
खळ जास्त झालेल्या कापडासारखी उभीच.
मग सुताच्या टोपलीत जुनं लुगडं घातलं,
वरून ताट बांधलं,
आणि वडगावातून रिक्षा केली.

दवाखान्याच्या बाकावर येळ्ळूरचा एक पोरगा.
त्याच्या कुत्र्याच्या पंजात काच.
स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरलेलं,
हळद नाही, चुना नाही, राख नाही.
कुणी शिकवलं रे, म्हटलं.
लाजला.

हुक्केरी डॉक्टरबाईंनी बॅटरी धरली,
मी जबडा.
जिभेच्या मुळाला वेढा घालून
एक मोरपंखी धागा खाली गेला होता.
पदराचा. मीच भरलेल्या कांडीवरचा.

माझा हात गेलाच.
चाळीस वर्षं या बोटांना एकच ठाऊक,
टोक दिसलं की धर, ओढ, सांध.

"एळीबेड्री!"

ओढू नका.
हात तिथंच थांबला.

एळी म्हणजे ओढ. एळी म्हणजे धागासुद्धा.
गल्लीत दोन्ही रोज बोलतो आम्ही,
एळी तुटली, एळी की जरा,
पण शब्द एकच आहे
हे इतक्या वर्षांत कानाला लागलं नव्हतं.
कोवळ्यालाही तेच म्हणतात.

परकराची नाडी ओढली की चुण्या पडतात ना,
बाई सांगत होत्या,
आतडं तसं गोळा होतं धाग्यावर.
आणखी ओढलात, तर धागा आतडं कापत जातो.
एरंडेल पाजलं नाही ना?
नाही, म्हटलं.
आज सकाळपर्यंत हेच एक मी बरं केलं होतं.

कागद कानडीत होता.
खाली मराठीत सही केली,
कुणी काही म्हटलं नाही.
मग अडीच तास.
काचवाला पोरगा टाके घालून गेला,
जाताना त्याच्या कुत्र्याने माझी चप्पल हुंगली.

आतड्याला चार ठिकाणी छेद द्यावा लागला.
धागा हातभर निघाला.
बाईंनी कागदात गुंडाळून दिला,
का दिला कोण जाणे, मी घेतला.
पोटावर सात टाके, निळे.
मी गाठ निरखून पाहिली.
आमच्या गाठीपेक्षा ढिली वाटली,
बोलले नाही.
टिकली.

आठवडाभर गळ्यात पुठ्ठ्याचं नरसाळं,
थोडं थोडं पातळ अन्न,
आणि दर सकाळी टाक्यांची पाहणी,
लाल झालेत का, ओल आहे का, वास येतो का.

आता मागाखालचं एकेक तुटकं टोक वेचून
झाकणाच्या डब्यात टाकते.
मालक हसतात, म्हणतात,
सूत सांभाळतेस की सोनं?

कांडी त्या डब्यावरच झोपते.
झाकण तिच्या वजनाने
आणखी घट्ट बसतं.