पाठकोऱ्या कागदावर

गेरिंगच्या बाहेर, बीटच्या शेतांना वळसा घातला की
हर्शेलचं भंगाराचं आवार. तिथं ती सबर्बन उभी,
मागून चेपलेली, पुढून शाबूत.
हर्शेल म्हणाला, इंजिन साडेचारशे.
वायरिंग आणि कॉम्प्युटर तू स्वतः उपसलंस तर वर पन्नास.
बँकेबाहेरचा आकडा उणे चार दाखवत होता.
मी हो म्हटलं.

हिशेबाला कागद नव्हता.
तिच्याच दाराच्या कप्प्यात एक चिठ्ठी सापडली:
दूध, टॉर्चचे सेल, कुत्र्याचं औषध, दोरी.
अक्षर घाईतलं, 'दोरी' खाली दोन रेघा.
मागून कोरी होती. मी तिकडून लिहायला घेतलं.

इंजिन वगैरे पाचशे.
माउंटच्या पट्ट्या: ओटिस कारखान्यात कापून देईल,
त्याच्या सुट्टीतली एक रात्रपाळी मी काट्यावर बसेन.
पेट्रोलचा पंप पंच्याऐंशी. जुना तेरावर दम टाकतो,
हिला अठ्ठावन्नचा दाब लागतो.
तेल, गॅस्केटं, पंच्याण्णव.
रेडिएटर तोच. गळतो, पण कुठून ते मला ठाऊक आहे.
एक्झॉस्ट दोनशे वीस. खोडलं. पुन्हा लिहिलं.
ट्यूनिंगला शायनचा माणूस दीडशे मागतो,
ब्रिन म्हणते, मला फक्त केबलचे चाळीस दे.
'विसरलेलं': दोनशे.
बेरीज अकराशे चाळीस.

आणि पिकअप घेतलेली आठशेला, एकोणनव्वदचं मॉडेल.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
म्हणू देत. कोंबडी बावीस वर्षं अंडी देतेय.

ब्रिन, माझी भाची, सोळा वर्षांची.
गॅरेजमधल्या टेबलावर कॉम्प्युटर पालथा,
बाजूला ट्रॅक्टरची बॅटरी, दोन चिमटे, लॅपटॉप.
इंजिन टायरवर टेकवलेलं,
त्याच्या तोंडात चिंध्या कोंबलेल्या, उंदीर शिरू नयेत म्हणून.
"मावशी, ह्याला अजून वाटतंय आपण सबर्बनमध्येच आहोत."
मागचे ऑक्सिजन सेन्सर शोधतंय. ते आपण लावणारच नाही.
पेट्रोलची जुनी टाकी श्वास कसा घेते, तेही विचारतंय.
ती एकेक खूण काढत गेली.
हे नाही. हे नाही. हेही नाही.

हवेचे तक्ते तिनं तसेच ठेवले.
आधी सुरू होऊ दे, म्हणाली, मग रस्त्यावर बघू
पेट्रोल कुठे जास्त पितं, कुठे तहानलेलं राहतं.
हे मला समजलं. काट्यावर ट्रक चढला
की टायरच्या फुगवट्यावरून मी टन सांगते,
आकडा नंतर येतो.

"आता चावी," ती म्हणाली.
ओळखीची चावी नसेल तर इंजिन पेटतं,
दोन सेकंद गुरगुरतं, आणि स्वतःचाच गळा दाबतं.
"म्हणजे चोर आला तर?"
"हो."
"चोर आपणच का मग?"
ती हसली नाही. चौकटीतली खूण काढली,
कॉम्प्युटरला लिहून पाठवलं. एक हिरवी पट्टी
इतकी सावकाश भरत होती
की माझा चहा गार झाला.

ती चावी कुठे असेल?
कुणाच्या स्वयंपाकघरात, खिळ्याला.
किंवा इस्पितळानं दिलेल्या पिशवीत, घड्याळाबरोबर.
हर्शेलला मी विचारलं नव्हतं. आणि विचारलं असतं
तरी त्यानं भाव कमी केला नसता.

बर्फ वितळल्यावर जुनं इंजिन उचलायचं, मार्चअखेर.
ओटिसकडे साखळी आहे. बॉनेट मात्र
मागे ओढून बांधावं लागेल कशाला तरी.
लिहायला गेले तर माझ्या बाजूला जागा उरली नव्हती.
कागद उलटला.
दूध. सेल. कुत्र्याचं औषध.
'दोरी' वर आधीच दोन रेघा होत्या,
मी पुढं फक्त बरोबरची खूण केली.