पहिला अर्धा घंटा

मुंजे चौकातून आत वळलं की तिसरं दुकान.
दुकान म्हणजे जिन्याखालची जागा,
एक काउंटर, एक कॉम्प्युटर, आणि बाहेर
हाताने रंगवलेली पाटी : कार्ड भरून मिळेल.
काय भरून, ते लिहायची गरज कधी पडली नाही.

मे महिन्यात लोक कुलर भरायचे, मी कार्ड.
सोळा जीबीचे चाळीस रुपये.
कामठीची पोरं यायची, कुहीचे बँडवाले यायचे,
एक रिटायर मास्तर दर वेळी विचारायचे,
"कायद्यात बसते का रे हे?"
आणि उत्तराआधीच कार्ड पुढे सरकवायचे.
पकडलो तर काय सांगायचं, त्याची तयारी
मी रोज आंघोळ करताना करायचो :
साहेब, चार माणसांचं घर, चार तिकिटं,
वर पार्किंग, वर पाण्याची बाटली, तुम्हीच बेरीज करा.
साहेब बेरीज करायचे, मान हलवायचे, मग विचारायचे,
"आणि ज्यानं सिनेमा बनवला, त्याचं काय?"
इथे नेमकं बादलीतलं पाणी संपायचं.

वच्छलाबाई ढाबर्डे आल्या तेव्हा दुपारचे तीन,
डांबर चपला सोडत नव्हतं.
वर्धा रोडच्या मॉलमध्ये झाडू मारतात, चौथ्या मजल्यावर,
जिथे तिकीट तीनशे ऐंशी
आणि मक्याच्या लाह्या त्याहून महाग.
"लाह्या गा! आमच्याकडे नागपंचमीले पसापसा वाटतेत."
त्यांचा रोज तीनशे दहा.

"मले समद्या सिनेमाचे शेवट माहीत हायेत, भाऊ.
आम्ही दाराशी उभ्या राहतो ना झाडू घेऊन,
नावं वर सरकली का आत शिरा.
कोण मेलं, कोणाचं लगन लागलं, समदं पाह्यलं.
पण काहून मेलं, थे नाही समजत.
तू मले सुरुवात भरून दे.
पहिला अर्धा घंटा. बाकी जागा नातीच्या गाण्याले."

मी वीस सिनेमांच्या वीस सुरुवाती कापून दिल्या.
"अर्धाच माल," म्हणत त्यांनी वीस रुपये ठेवले.
"मधलं?" मी विचारलं.
"थे मी लावते माह्या मनानं."
पुढे दर पंधरा दिवसांनी
त्या काउंटरला टेकून मधलं सांगायच्या,
आणि गिऱ्हाईकं ताटकळायची, चिडायची नाहीत.

एका रविवारी नवा माल आला.
पडदा तिरका, समोर कुणाचा तरी अंबाडा,
मागे लेकरू रडतंय, कुणी खोकतंय.
कापायला वेळ नव्हता, अख्खाच भरून दिला.

मंगळवारी त्या आल्या, बोलल्या नाहीत.
मोबाइल पुढे धरला, बोटानं शेवटाकडे सरकवला.
सिनेमा संपला होता, चोराचा हात थांबला नव्हता.
दिवे लागले. डावीकडचं दार उघडलं.
दोन बाया आत आल्या. एक वाकली, झाडू लागली.
दुसरी उभीच, झाडू हातात,
मान वर करून पडद्याकडे बघत.
चार सेकंद.

"हे मी होय."

मी हसलो. त्या नाही हसल्या.
"सुपरवायझर म्हणते, पाहाचं नाही, झाडाचं.
त्यानं हे पाह्यलं तं?
भाऊ, तेवढी मले पुसून टाक."

मी सांगितलं, तुमच्या कार्डातून पुसतो,
पण हे आता इथलं राहिलं नाही, वच्छलाबाई.
भंडारा, गोंदिया, तिकडे बालाघाट,
कालपासून किती मोबाइलांत गेलं असेल,
कुणाच्या बापाला पुसता येणार नाही.

कुलरची मोटर घरघरत होती.
बाहेर रसवंतीचे घुंगरू.

"म्हंजे तिकडं समदे," त्या म्हणाल्या,
"मले पाहून राह्यले?"

आणि मोबाइलच्या काळ्या काचेत बघत
त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.